बाळंतपण करायला चालले

महाळुंग्यात कौशल्याबाईंचं घर शोधावं लागत नाही. कंपन्यांच्या भिंती संपून जुनं गावठाण सुरू होतं, तिथे कुणालाही ‘मालीशवाल्या मावशी’ म्हणा, तो बोट दाखवतो. गेली वीस-पंचवीस वर्षं त्या चाकणपासून चिंचवडपर्यंत बाळंतिणींना न्हाऊ-माखू घालतायत. आधी गावातल्या सुना होत्या. मग कंपन्या आल्या तशा बिहार-ओडिशाकडच्या कामगारांच्या बायका आल्या, आणि अलीकडे मारुंजीच्या उंच इमारतींतल्या आयटीवाल्या पोरी. आपल्या हाताचा त्यांना गर्व आहे आणि तो त्या लपवत नाहीत. बाळ रडलं तर त्या बाळाला काही म्हणत नाहीत, त्याच्या आजीला रागावतात.

अशा या बाईपुढे गेल्या वर्षी एक प्रश्न उभा राहिला, की स्वतःच्या लेकीकडे जावं की न जावं. एरवी हा प्रश्न झाला असता का? लेकीला दिवस गेले, आई निघाली, विषय संपला. पण लेक होती अमेरिकेत.

विजयश्री ही त्यांची एकुलती एक. आकुर्डीला इंजिनियर झाली, समर्थशी लग्न झालं आणि दोघं तिकडे गेले. गाव कसलं, तर आपल्या चाकणसारखंच गाड्यांच्या कारखान्यांचं, फक्त बर्फाचं. समर्थला नोकरी आणि हिला घर. दोन वर्षांपूर्वी तिचं पहिलं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं. तेव्हा कौशल्याबाईंचा व्हिसा अडकला होता. बातमीचा फोन आला तेव्हा त्या मोशीला दुसऱ्या कुणाच्या बाळाला अंघोळ घालत होत्या. त्यांनी फोन ऐकला, अंघोळ पुरी केली, बाळाला धुरी दिली, दुपट्यात घट्ट बांधून आजीच्या हातात दिलं आणि मग त्या मोरीच्या कट्ट्यावर बसल्या त्या कुणाला उठवेनात.

आता विजयश्रीला पुन्हा दिवस गेले होते आणि या खेपेला व्हिसा हातात होता. पण तोवर वारं फिरलं होतं. रोज कुठून ना कुठून ऐकायला यायचं, विमानतळावर फोन उघडून बघतात, जुने मेसेज वाचतात, खोलीत बसवून ठेवतात, परत पाठवतात. कौशल्याबाईंचे यजमान अर्जुनराव गाडीच्या कंपनीतल्या प्रेसशॉपमधून, पत्रे दाबायच्या खात्यातून, रिटायर झालेले. दिवसभर मोबाइलवर हेच बघायचे आणि जेवताना बायकोला ऐकवायचे.

“व्हिसा हाय की माझ्याकडं,” कौशल्याबाई म्हणाल्या.

“गेटपास असला म्हंजी आत घेतीलच असं न्हाई. उभी हयात कंपनीच्या गेटातनं आत-बाहेर करन्यात गेली माझी. सिक्युरिटीवाल्याचं डोकं फिरलं की पास खिशात अन् माणूस रस्त्यावर.”

शेजारची परवीनही तेच म्हणाली. तिच्या नवऱ्याचं, इनायतचं, तळेगाव रस्त्याला गॅरेज आहे. तिचा धाकटा भाऊ रमीज मोठ्या कंपनीत इंजिनियर. कंपनीच्याच कामासाठी तो तिकडे गेला आणि दिवसभर विमानतळाच्या एका बाकावर बसून राहिला.

“चाची, तुमचं नाव तरी कौशल्या आहे,” परवीन म्हणाली. “आमच्या रमीजनं नाव सांगितलं आणि साहेबानं बाजूला बसायला सांगितलं. कंपनीचं पत्र होतं, सगळं होतं. शेवटी सोडलं त्याला. पण आता कंपनी जा म्हणते तर तो म्हणतो, प्रमोशन नको, मी चाकणलाच बरा.”

कौशल्याबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं. त्यांना साहेबाची भीती नव्हती. भीती वेगळीच होती. आपल्याला परत पाठवलं तर आपलं काय जातंय, पण पोरीच्या कागदाला त्याचा डाग लागला तर? समर्थच्या वकिलाने सांगितलं होतं, धोका थोडा आहे, पण आहे. थोडा म्हणजे किती, हे वकीलही सांगत नव्हता.

त्यांनी साधनाला विचारायचं ठरवलं. साधना मारुंजीची, तिच्या दोन्ही मुलांना कौशल्याबाईंनीच पायावर घेतलेलं. ऑफिसच्या निमित्ताने ती दोन-चारदा तिकडे जाऊन आलेली. तिने चहा ठेवला आणि पहिलाच प्रश्न टाकला.

“मावशी, तिथे काय करायला आलात असं विचारलं तर काय सांगाल?”

“काय म्हंजी? पोरीला शेक-शेगडी करणार, बाळाला मालीश करणार, डिंकाचं लाडू करून घालणार.”

“बोंबला! यातलं एक अक्षर बोलायचं नाही.”

कौशल्याबाईंना कळेना की यात चुकलं काय. साधनाने समजावलं. तुमचा धंदाच मालिशीचा. फिरायच्या व्हिसावर तिथे काम करायची मनाई आहे. तुम्ही मालीश म्हणालात की ते म्हणणार, ही बाई काम करायला आलीये. नातवंडं सांभाळायला आले म्हणणाऱ्या आज्यांनाही परत पाठवल्याचं तिने ऐकलं होतं.

“सोताच्या पोरीचं करायचं तर त्येला काम म्हनत्यात?”

“ते म्हणतात. म्हणून काम हा शब्द तोंडातून काढायचा नाही. मालीश तर अजिबातच नाही. फॅमिली व्हिजिट म्हणायचं. म्हणा बघू.”

“फ्यामिली व्हिजिट,” कौशल्याबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, “नुसती बघायला? दिस भरल्याल्या पोरीकडं जायचं अन् पावण्यावानी बसून चहा मागायचा?”

साधना हसली. कौशल्याबाई हसल्या नाहीत. त्यांना राग आला होता. ज्या कामासाठी लोक गाडी पाठवून बोलावतात ते चोरीच्या मालासारखं लपवायचं, तेही पोटच्या पोरीसाठी. घरी येताना बसमध्ये त्यांनी ठरवून टाकलं की जायचं नाही.

तो ठराव टिकला तो विजयश्रीचा फोन येईपर्यंत. गंमत अशी की ती ये म्हणालीच नाही. “आई, नको येऊस. खूप कडक झालंय सगळं. आम्ही करू मॅनेज,” असंच म्हणाली. इकडचं-तिकडचं बोलली, बाबांच्या गुडघ्यांची चौकशी केली. आणि फोन ठेवता ठेवता विचारलं, “आई, बाळ हललं नाही असं वाटलं, तर किती वेळ वाट बघायची असते?”

“वाट बघायची न्हाई. लगीच दवाखान्यात जायचं,” कौशल्याबाई म्हणाल्या, “हाललं का आज?”

“हो, हललं. मी सहज विचारलं.”

सहज! पोर रोज पोटावर हात ठेवून जागी राहते, हे आईला सांगायला लागतं का? त्यांनी फोन ठेवला आणि अर्जुनरावांना सांगितलं, “मी चालले. दारातून हाकललं तर दारातून परत यीन.”

मग तयारी सुरू झाली. समर्थने फोनवरून सांगितलं तसे मोबाइलमधले बाळांचे फोटो पुसले, बाळंतिणींचे मेसेज पुसले, नावाखाली ‘मालीश’ लिहिलं होतं तेही काढलं. परवीन शेजारी बसून एकेक फोटो दाखवायची आणि कौशल्याबाई मान हलवायच्या. पुसून झाल्यावर फोनमध्ये अर्जुनराव, विजयश्रीचं लग्न आणि एक गणपती एवढंच उरलं. बॅगेत अळीव, खारीक, बाळंतशेपा भरला आणि साधनाच्या धाकाने निम्मा बाहेर काढला. रोज संध्याकाळी साधना फोन करायची आणि पाठ घ्यायची. कशाला आलात? फ्यामिली व्हिजिट. कुणाकडे? डॉटर. परत कधी जाणार? तिकीट दाखवायचं. इंग्रजी नाही आलं तर मराठी दुभाष्या मागायचा, थांबावं लागलं तरी चालेल, पण मराठीच.

विमानातून उतरून त्या रांगेत उभ्या राहिल्या. काचेमागचा साहेब तरुण होता, तोंडावर हसू होतं. त्यांनी ‘फ्यामिली व्हिजिट’ असं ठणठणीत सांगितलं. साहेबाने तिकीट पाहिलं, परतीची तारीख सहा महिन्यांनंतरची पाहिली आणि आणखी काही विचारलं. ते त्यांना कळलं नाही. मग त्यांना एका खोलीत नेलं.

खोलीत दुसरी अधिकारी होती, वयाने मोठी बाई. तिने भाषा विचारली. कौशल्याबाईंनी मराठी सांगितलं. तिने फोन फिरवला, कुणाशी तरी बोलली आणि हाताने खूण केली, थांबावं लागेल, बराच वेळ. मग म्हणाली, “हिंदी?”

इथे कौशल्याबाईंच्या डोळ्यांपुढे आली ती पलीकडे ताटकळणारी विजयश्री. सुजलेल्या पायांवर केव्हाची उभी असेल. आणि खरं सांगायचं तर आपल्या हिंदीवर त्यांचा भारी भरवसा होता. महाळुंग्यातल्या चाळीचाळींत बिहारी पोरींना त्यांनी त्याच हिंदीत दटावलं होतं. त्या म्हणाल्या, “हिंदी चलेगा.”

आपल्याकडे आई लेकीचं बाळंतपण करते. करते म्हणजे काय, तर तेल लावते, न्हाऊ घालते, शेक देते, खाऊपिऊ घालते, रात्रीचं बाळ घेऊन बसते. मूल जन्माला घालणं हे डॉक्टरचं, ते बाळंतपण ‘करण्यात’ धरतच नाहीत. हा शब्द कौशल्याबाईंनी चाकणच्या हिंदीत उचलून ठेवला होता. “तेरे जेठानी का डिलिव्हरी मैंनेच किया ना,” असं त्या बिनधास्त म्हणायच्या, आणि ऐकणारीला बरोबर कळायचं. कुणी कधी दुरुस्त केलं नाही. कशाला करेल?

फोनवरून दुभाष्याचा आवाज आला. माणूस अदबीचा वाटला.

“आप यहाँ किसलिए आई हैं, माताजी?”

“बेटी से मिलने को.”

“छह महीने तक?”

“बेटी पेट से है ना. उसका डिलिव्हरी करने का है.”

दुभाष्याने खात्री करून घेतली. “डिलीवरी आप करेंगी?”

“तो और कौन करेगा? माँ ही करती है.”

त्याने ते इंग्रजीत सांगितलं. बाईसाहेबांनी मान वर करून कौशल्याबाईंकडे नीट पाहिलं आणि काहीतरी विचारलं.

“आपने पहले भी डिलीवरी की हैं?”

इतका वेळ बिचाऱ्या दबून बसल्या होत्या. कुणीतरी पहिल्यांदा त्यांना जे येतं त्याबद्दल विचारत होतं, तेही माताजी म्हणून. त्या ताठ झाल्या. “बहुत! पूरा चाकण में किसी को भी पूछो.”

“उसके पैसे मिलते हैं?”

आता कुठे त्यांना काहीतरी टोचलं. पण खोटं बोलायचा पाठ काही साधनाने घेतला नव्हता. “लोग देते हैं,” त्या म्हणाल्या, “अपने खुशी से.”

बाईसाहेब टाइप करत राहिल्या. त्यांनी मोबाइल मागून घेतला, उघडला, वरखाली केला. इतका रिकामा फोन कुणाचा असतो? तेही त्यांनी लिहून घेतलं असणार. शेवटी दुभाष्याने त्याच अदबीने सांगितलं की माताजी काम करण्याच्या इराद्याने आल्या आहेत असं इथे मानलं गेलं आहे, त्यांचा व्हिसा रद्द होतोय आणि त्यांना परत जावं लागेल. पाच वर्षं येता येणार नाही.

“मैंने काम बोलाच नहीं!” कौशल्याबाई ओरडल्या. “एक बार भी नहीं बोला!”

लेकीशी फोनवर बोलायला दिलं. दोघी एकाच इमारतीत होत्या, मधे भिंती आणि दारं होती. विजयश्री आधी साहेबांना, मग समर्थला, मग स्वतःला बोल लावत हुंदके देत होती. “उभी राहू नको,” कौशल्याबाई म्हणाल्या, “घरी जाऊन पाय वर करून पड.” एवढंच बोलणं झालं.

गावात परत आल्यावर लोक भेटायला यायला लागले, एखाद्या मयताला येतात तसे. अर्जुनराव दारात खुर्ची टाकून बसायचे आणि आल्या माणसाला तिथूनच वाटेला लावायचे. ‘मी सांगत होतो’ असं ते एकदाही म्हणाले नाहीत, याचं श्रेय त्यांना दिलं पाहिजे. काही दिवसांनी साधना आली. तिने हळूच विचारलं, नेमकं काय बोललात? कौशल्याबाईंनी शब्दन् शब्द सांगितला. साधनाने कपाळाला हात लावला.

“मावशी, डिलिव्हरी करणं म्हणजे त्यांना वाटलं तुम्ही सुईण आहात. मूल तुम्हीच बाहेर काढणार. घरी. पैसे घेऊन.”

“म्हंजी मी खरं बोलले अन् खोटं ठरलं,” कौशल्याबाई म्हणाल्या. साहेबिणीचा राग त्यांना आला नाही. आपल्या जिभेचा आला, आणि तो अजून गेलेला नाही.

पुढे विजयश्री बाळंत झाली. मुलगी झाली, धडधाकट. पेढे वाटले, परवीनने शिरखुर्मा करून आणला. समर्थला थोडी रजा मिळाली, ती संपली आणि तो कामावर जायला लागला. मग ती बर्फातली खोली, तान्हं बाळ आणि विजयश्री. कौशल्याबाई मोबाइल समोर धरून सांगायच्या, असं धर, तसं पालथं घाल, मान सांभाळ. पण फोनमधून हात पोचत नाही. आणि त्यांनी आयुष्यभर बाळंतिणीच पाहिल्या होत्या, त्यामुळे लेकीचा चेहरा त्यांना वाचता येत होता. केस विंचरलेले नसायचे. बाळ रडत असलं तरी ही दुसरीकडेच बघत बसायची. एकदा म्हणाली, “आई, ती रडली की मला माया येत नाही. मला पळून जावंसं वाटतं.” दुसऱ्या दिवशी म्हणाली, “मी तिला घेऊन महाळुंग्याला येते. काय व्हायचं ते होऊ दे.”

घरात अर्जुनराव पहिल्यांदा रडले. “यिऊ दे तिला. माझी पोर हाय ती. व्हिसा गेला खड्ड्यात.”

कौशल्याबाईही तेच म्हणणार होत्या. पण त्याच सकाळी समर्थने वेगळा फोन केला. त्याचा आवाज खाली गेला होता. आई परत गेल्याच्या नोंदीत ‘मुलीने कामासाठी बोलावलं’ असं आलंय. दोघांच्या पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्यांची मुदत कधीच संपलीय. आत आहेत तोवर राहता येतं, पण बाहेर पाऊल टाकलं तर नवा शिक्का घ्यावा लागेल आणि तेव्हा ही नोंद समोर येईल. तो मिळेल का, कधी मिळेल, वकील सांगत नाही. त्याचा स्वतःचा मुदतवाढीचा अर्ज मधेच लटकलाय, त्याला हलता येत नाही.

“ती आली तर परत कधी येईल माहीत नाही, आई. बाळसुद्धा तिकडेच राहील. पण या अवस्थेत मी तिला नाही कसं म्हणू? तुम्ही बोला.”

शहाणाच म्हणायचा! जे नवऱ्याच्या तोंडून निघेना ते आईने बोलायचं. पण तो खोटं सांगत नव्हता, आणि विमानतळावरची ती खोली कौशल्याबाईंनी पाहिली होती. तिथे माणूस किती खरा आहे याने काही ठरत नाही. लेक इथे आली तर आठ दिवसांत तिला उभी करू, याची त्यांना खात्री होती. पण नंतर? दाराच्या अलीकडे पोर आणि नात, पलीकडे जावई, आणि वर्षं जाणार. आणि तिथेच ठेवली तर? ती एकटी बसून खचली तर? कुठला धोका मोठा, हे त्यांना कुणी सांगणारं नव्हतं. जायच्या वेळी सल्ला द्यायला अख्खी आळी होती, आता सगळे गप्प होते.

त्यांनी समर्थला सांगितलं, “आजच्या आज तिला डाक्टरीणबाईकडं ने. अंगाच्या दुखन्यासाठी न्हाई, मनाच्या. उद्यावर टाकायचं न्हाई. अन् तिथं कुनी आपली बाई आसंल, कुनाची आई, कुनाची सासू, पाय धर तिचं, पर घरात आण.” समर्थने कबूल केलं. मग त्यांनी लेकीला फोन लावला. अर्जुनराव समोरच बसले होते.

“आई, मी तिकीट बघून ठेवलंय,” विजयश्री म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिच्या आवाजात जीव होता. “तू पाणी तापवूनच ठेव.”

“यिऊ नको,” कौशल्याबाई म्हणाल्या.

“काय?”

“यिऊ नको म्हनले. तिथंच राहा. समर्थ तुला दवाखान्यात न्हेतोय, त्येच्यासंगं जा.”

“आई, मला तू हवीयेस. मला दुसरं काही नको. तू मला माहेरी येऊ नको म्हणतीयेस?”

“व्हय.”

अर्जुनराव उठून बाहेर गेले. पोरीच्या रडण्यामागे बाळही रडायला लागलं होतं. कौशल्याबाईंनी मनात म्हटलं, आता मी रडले तर ही विमानात बसेल. म्हणून त्या रडल्या नाहीत. पोर मनातल्या मनात आपल्याला काय म्हणत असेल ते त्यांना कळत होतं, आणि ते म्हणू द्यायला त्या तयार होत्या.

बऱ्याच वेळाने विजयश्रीने विचारलं, “मग कधी येऊ?”

“मी सांगंन तवा.”

सांगता येईल असा कुठला दिवस आईला ठाऊक नाही, हे पोरीलाही समजलं. ती बरं म्हणाली आणि रडणाऱ्या बाळाला घ्यायला उठली.